लातूरच्या काकांना, परभणीच्या लॅबमधून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतंच काका. लातूर-परभणीकडचे दातांच्या लॅबवाले ओळखतील, त्याला माझा इलाज नाही. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही सोयाबीनच्या भावावर जाता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

पहिले आभार याचे, की लाइट क्युअरचं, म्हणजे दातांच्या कामाचं मटेरियल उजेडाने कडक करणारं, कुठलं मशीन घेऊ विचारलं तेव्हा तुम्ही एकाही मशीनचं नाव घेतलं नाहीत. माझ्यासमोर कोटेशनांचा गठ्ठा होता. इम्पोर्टेड मशीन लाखाच्या पुढे, मधे आपल्याकडच्या जोडणीचे एलईडी डबे, आणि एकदम खाली पार्लरमधला नेलपॉलिशचा दिवा. विकणारा प्रत्येक जण वॅट सांगत होता. ३६ वॅट, ४८ वॅट, जितके जास्त तितकं भारी. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "डब्यात ठेवणार काय? आधी मटेरियलचं पाकीट वाच."

पाकिटावर काय वाचायचं हेही तुम्हीच शिकवलंत, म्हणून नव्याने लॅब टाकणाऱ्यांसाठी इथे लिहिते. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते. मटेरियल कडक होणार की नाही, ते प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरतं. लाइट क्युअर कंपोझिटमध्ये (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) आणि बऱ्याच ट्रे-शीटमध्ये (जबड्याचं माप घ्यायचा ट्रे जिच्यातून करतात ती मऊ शीट) कॅम्फोरक्विनोन नावाचं, उजेड शोषून कडक होणं सुरू करणारं रसायन असतं. ते ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं. नेलपॉलिशच्या दिव्यातल्या नळ्या साधारण ३६५ नॅनोमीटरच्या, एलईडीवाले दिवे ३६५ आणि ४०५ चे. त्यात ट्रे ठेवला तर जांभळा उजेड दिसतो खरा, पण मटेरियलला हवा तो निळा त्यात जवळपास नसतोच. याउलट थ्रीडी प्रिंटरची रेझिन्स बहुतेक ४०५ किंवा ३८५ ची. तिथे नुसता निळा डबा अपुरा. म्हणजे एकच दिवा एका टेबलावर बिनकामाचा आणि दुसऱ्यावर कामाचा. हे एकाही कोटेशनवर लिहिलेलं नव्हतं.

मग तुम्ही मला मटेरियल घेऊन लातूरला बोलावलंत. चालू काम बाजूला सारून तुमच्या डब्यात माझी शीट लावलीत. खालच्या जबड्याचं मॉडेल, त्यावर स्पेसर वॅक्स (मापाच्या मटेरियलला जागा सोडणारा मेणाचा थर), वॅक्सवर फॉइल, वर ट्रे. बाहेर काढल्यावर वरून टणटणीत. मला वाटलं झालं. तुम्ही ट्रे मॉडेलवरून सोडवलात, उलटा केलात आणि हँडलच्या बुडाशी वॅक्स नाइफचं टोक दाबलंत. ते आत रुतलं. "बघ, इथे जाडी जास्त, आणि आतल्या बाजूला उजेड पोचलाच नाही." ट्रे उलटा ठेवून परत लावलात, पुन्हा टोक दाबलंत, या वेळी नुसता टकटक आवाज. कुठलंही मशीन दाखवायला आणलं की मी आता विक्रेत्यासमोर हीच परीक्षा घेते. काही जणांना ती आवडत नाही.

वर बोटाला लागणारा चिकट थर पाहून मी मशीनला नावं ठेवणार होते, तेवढ्यात तुम्ही ग्लिसरीनची बाटली पुढे केलीत. हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला कडक होऊ देत नाही, मशीन कितीही महागाचं असो. शेवटच्या फेरीआधी ग्लिसरीनचा हात फिरवायचा, नंतर धुवून टाकायचं. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीने जे होतं, त्यासाठी विक्रेते वरचं मॉडेल घ्या म्हणत होते. न कडक झालेलं मोनोमर, म्हणजे मटेरियलमधलं कच्चं रसायन, उघड्या हाताला लावू नको, ॲलर्जी एकदा धरली की धंदा सोडावा लागतो, हेही तुम्ही दोनदा बजावलंत.

उष्णतेचं मात्र तुम्हालाच सुचू शकतं. परभणीचा मे महिना म्हणजे पारा ४४ च्या वर जाणारा. दुपारी स्पेसर वॅक्स टेबलावरच मऊ पडतं, बंद डब्यात तर विचारू नका. एलईडी तापले की त्यांचा उजेडही कमी होतो. म्हणून पंखा आणि मागच्या जाळ्या बघ, डबा भिंतीला चिकटवून ठेवू नको, असं सांगितलंत. त्या एका सल्ल्यापायी मी दिसायला देखणं, पण पंखा नसलेलं एक मशीन सोडलं. अडॅप्टर इथल्या बाजारात मिळेल असाच घे, हेही तितकंच मोलाचं. लाइटीचा खेळ आपल्याकडे चालूच असतो, आणि जळालेल्या अडॅप्टरसाठी दिल्लीहून पार्सलची वाट बघत बसलं तर डॉक्टर थांबत नाहीत.

शेवटी घेतला तो मधल्या किमतीचा डबा. निळे आणि ४०५ चे, दोन्ही एलईडी आहेत, आतून आरशासारखा पत्रा, फिरती थाळी, दार उघडलं की उजेड बंद. हे शेवटचं नसतं तर तुम्ही घेऊच दिलं नसतं, कारण निळा उजेड रोज डोळ्यात जाणं चांगलं नाही. पत्र्यावर ॲक्रिलिकची धूळ बसते, ती रोज संध्याकाळी मऊ फडक्याने पुसते. ग्राइंडिंगच्या टेबलापासून डबा लांब हलवलाय.

फायदा कुठे झाला म्हणाल, तर स्पेशल ट्रेमध्ये, म्हणजे एकेका पेशंटच्या जबड्यावर बेतलेल्या मापाच्या ट्रेमध्ये. कोल्ड क्युअरचा, म्हणजे पावडर-लिक्विड कालवून उजेडाशिवाय कडक होणारा, ट्रे केला की तो पुढचे काही तास हळूहळू आकसत राहतो, म्हणून दुसऱ्या दिवशीच पाठवलेला बरा. लाइट क्युअरचा ट्रे त्याच दिवशी वापरता येतो. गंगाखेडच्या डॉक्टरांचं मॉडेल सकाळच्या एसटीने आलं तर ट्रे दुपारच्या गाडीने परत जातो. पेशंटची एक खेप वाचते, आणि खेड्यातून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती खेप म्हणजे बुडालेला दिवस आणि तिकिटाचे पैसे. शीट कोल्ड क्युअरच्या पावडरीपेक्षा महाग पडते, हे खरं. म्हणून घाई नसलेली कामं मी अजून कोल्ड क्युअरमध्येच करते. तुम्हाला हे पटणार नाही, पण हिशेब माझा आहे.

परवा एका डॉक्टरांनी विचारलं, डब्यात ४०५ आहेच, तर प्रिंट केलेली सर्जिकल गाइड (इम्प्लांटसाठी ड्रिल कुठे करायचं ते दाखवणारा, तोंडात बसणारा साचा) पक्की करून देशील का. मी नाही म्हणाले. तोंडात जाणाऱ्या प्रिंटला रेझिनच्या कंपनीने सांगितलेलं मशीन आणि सांगितलेला वेळच लागतो, कच्चं राहिलं तर मोनोमर पेशंटच्या तोंडात झिरपतं. तुम्ही असतात तरी हेच म्हणाला असतात, फक्त जास्त मोठ्या आवाजात.

तुमच्या जुन्या डब्याच्या नळ्या बदलायला झाल्यात. पेटतात म्हणून चालू ठेवू नका, नळीचा दम दिसण्याआधी संपतो हे तुमचंच वाक्य आहे. नंबर पाठवा, इथल्या दुकानात विचारून ठेवते. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
परभणीची टेक्निशियन