बाटली द्या, पण बुचासकट

महोदय,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आमच्या पेठेत पोतीच्या पोती रद्दी-बाटल्या बाहेर पडतात. मी जुन्या सेंटच्या बाटल्या जमवतो. घरात १४० झाल्यात (बायकोच्या हिशेबानं १४० जास्त). त्यांतल्या साठेक बिनबुचाच्या. दुखणं तेच आहे.

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ३१ वर्षं असिस्टंट होतो, म्हणून सांगतो. काचेचं बूच म्हणजे कुकरची शिट्टी नव्हे, एक हरवली की दुसरी आणायला. बूच आणि बाटलीचा गळा एकमेकांना घासून बसवलेले असतात. दुसरं बूच त्यात एकतर डगडगतं, नाहीतर शिरतच नाही. गेर्लँ या फ्रेंच सेंट कंपनीच्या १९२५च्या ‘शालिमार’ सेंटची बाटली ज्यांनी घडवली, ते फ्रान्सचे बाकारावाले तर जोडी चुकू नये म्हणून बुचावर आणि बुडावर एकच आकडा कोरत.

गेल्या वर्षी लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात अशीच आकडेवाली बाटली मिळाली. बुडाला मिरीएवढा ४७. त्याच पोत्यात बूचही सापडलं, पण त्यावर १२. भंगारवाला म्हणाला, “काका, फेविक्विक लावा की, काय हुतंय त्याला!”

बुचं बहुधा अडकतात म्हणून मोडतात. लोक पकडीनं पिळतात, मुंडकं तुटून हातात येतं. त्यापेक्षा सांध्यावर गोडेतेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवावं. सकाळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं गळ्याभोवती गुंडाळावं. गळा आधी तापून फुगतो, बूच मागं राहतं, आणि लाकडी चमच्यानं हलकेच ठोकलं की सुटतं. विस्तवाजवळ मात्र नेऊ नका, सेंटात अल्कोहोल असतं.

आणि विकायच्या आधी बाटली धुऊ नका. २०१९च्या महापुरात माझं खालचं कपाट पाण्यात होतं. ‘इव्हनिंग इन पॅरिस’ सेंटची निळी बाटली गाळातून धडधाकट निघाली. तो निळा कोबाल्टचा, त्याला काय होतंय? लेबल मात्र लगद्यासारखं बोटाला आलं. आता ती कुणाला दाखवली की लोक विचारतात, औषधाची का?

तेव्हा बाटली भंगारात घालायचीच असेल, तर बूच दोऱ्यानं गळ्याला बांधून घाला. पोरं ‘हिरा’ म्हणून खेळायला नेतात, मग ते शिवणाच्या डब्यात जाऊन पडतं. कुणाच्या डब्यात ४७ आकड्याचं असेल, तर टाकू नका.

– एक निवृत्त लॅब असिस्टंट,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर