घळभरणीच्या फाइलवर सही करण्याआधी सातबारे मागवा

प्रति,
माननीय मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

घळभरणी, म्हणजे धरणाच्या भिंतीत नदीसाठी ठेवलेली शेवटची मोकळी जागा बुजवणं, झाली की धरणग्रस्ताचं बळ संपतं. पाणी चढू लागल्यावर त्याला जमिनीचा पसंतीक्रम कुणी विचारत नाही. तो मिळेल त्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो. म्हणूनच २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ३८ सांगतं की सिंचन वा जलविद्युत प्रकल्पात बुडिताच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालं पाहिजे.

आमचा आक्षेप या 'पूर्ण'वर आहे. वाटपाचा आदेश निघाला की अहवालात कुटुंब पुनर्वसित ठरतं. प्रत्यक्षात आदेशातला जमिनीचा गट धरणाचं पाणी मिळणाऱ्या लाभक्षेत्रातला मूळ खातेदार कसत असतो, किंवा त्यानं कोर्टातून स्थगिती आणलेली असते. मोजणी झालेली नसते, हद्दीचे दगड नसतात. ताबा पावतीवर सही मात्र घेतलेली असते. मग फेरफार अडतो, आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून सोसायटी पीककर्ज देत नाही. कोयना धरणग्रस्तांची पुढची पिढी २०१८ मध्येही कोयनानगरला जमिनीसाठी ठिय्या देऊन बसली होती, ती याच कारभारामुळे.

राज्याच्या पुनर्वसन कायद्याखाली पर्यायी जमीन हवी तर मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम भरावी लागते. मोबदला वाटताना हे नीट सांगितलं नाही, तर माणूस सगळी रक्कम उचलतो. ती कर्जफेडीत, आजारपणात संपते आणि पुढे तो जमिनीला अपात्र ठरतो. हा अन्याय टाळणं अगदी सोपं आहे. मोबदल्याच्या नोटिशीलाच, पर्यायी जमीन हवी की नको हे कळवण्याचा विकल्प अर्ज जोडा, आणि तो ग्रामसभेत वाचून समजावून द्या.

याद्यांचंही तसंच. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांना केंद्रीय कायदा स्वतंत्र कुटुंब मानतो, सज्ञान मुलीलाही. संपादनाआधी तीन वर्षं तिथं राबणारे शेतमजूर आणि कुळंही बाधित ठरतात. पण यादी सातबाऱ्यावरून केली की यातलं कुणीच तिच्यात येत नाही. घरोघर पाहणी आणि चावडीवाचन केल्याशिवाय यादी अंतिम करू नये.

आमची मागणी एवढीच. प्रत्येक पात्र कुटुंबाचा चालू सातबारा, मोजणी नकाशा, आणि नव्या गावठाणात नळाला पाणी आल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडलेला नसेल, तर घळभरणीला परवानगी देऊ नका. यासाठी नवा कायदा लागत नाही. तुमच्या खात्याचा आणि जलसंपदाचा एक संयुक्त शासन निर्णय पुरेसा आहे. तो येत्या पावसाळ्याआधी काढा.

आपले,
धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी काम करणारे कार्यकर्ते