आपला बंब आणि वाफेचं इंजिन

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाच्या पोरांना घेऊन तुम्ही नागपूरला मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय बघायला निघालात, हे वाचून फार बरं वाटलं. जामनेरहून एसटीने भुसावळ आणि पुढे रेल्वे, हेच सोयीचं. सोमवार टाळा, अशी संग्रहालयं बहुतेक त्या दिवशी बंद असतात. उन्हात उभं लोखंड चटके देतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीतली सकाळ धरा. इंजिनाच्या पायऱ्या उंच असतात. आई, तू चढू नकोस, खालूनही पुष्कळ दिसतं.

सगळी इंजिनं भराभर बघण्यापेक्षा एकाच इंजिनापाशी अर्धा तास थांबा. आधी रूळ बघा. दोन रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलीमीटर. बाबा, तुमचं एक पाऊल साधारण तेवढंच पडतं. आपल्या पाचोरा-जामनेर गाडीचं गेजही हेच होतं. भुसावळच्या मोठ्या लाईनीचं १६७६ मिलीमीटर, दुपटीहून जास्त. अरुंद गाडी घाटात तीव्र वळण घेते, डोंगर कमी फोडावा लागतो, रूळही हलके चालतात. सातपुड्याच्या बाजूला ही लाईन परवडली ती म्हणूनच.

पोरांना बॉयलर समजवायला आपला आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब पुरे. बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इंजिनात तशा एका नळीऐवजी शंभरावर नळ्या असतात. मागच्या भट्टीतला जाळ त्यांतून पुढे धुराड्याखाली जातो आणि वाटेत पाणी तापवतो. विलायती कारखान्यांच्या पुष्कळ जुन्या इंजिनांची आतली भट्टीसुद्धा तांब्याचीच असे.

बंबात पाणी संपलं आणि विस्तव तसाच राहिला की सांध्याचा डाख सुटतो, हे आईला सांगायला नको. इंजिनात याच गोष्टीची सर्वांत मोठी भीती. भट्टीच्या छतावर पाणी नसेल तर पत्रा लाल होऊन मऊ पडतो, वाफेच्या दाबाने खाली बसतो आणि बॉयलर फुटतो. म्हणून छतात मुद्दाम एक बूच बसवतात, त्याच्या पोटात शिशासारखा लवकर वितळणारा धातू असतो. पाणी उतरलं की तो वितळतो आणि वाफ थेट भट्टीत सुटते. ड्रायव्हर-फायरमनला ती शेवटची सूचना. त्याआधी लक्ष ठेवायला त्यांच्यासमोर उभी काचेची नळी असते, तिच्यात पाणी किती ते दिसतं. ही नळी पोरांना नक्की दाखवा.

आपल्याकडच्या विहिरीच्या जड पाण्याने बंबाला आतून पांढरा थर धरतो ना, तसाच बॉयलरलाही धरतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, कोळसा वाया जातो आणि पत्रा जास्त तापतो. भट्टीच्या खालच्या कोपऱ्यांत चौकोनी डोक्याची बुचं दिसतील. ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून ती काढायची आणि आतला गाळ पाण्याच्या जोरदार धारेने धुवायचा. गरम बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं तर सांधे गळू लागतात, त्यामुळे या कामात घाई चालत नाही.

आता चाकांकडे या. उजवीकडचा दांडा चाकाला कुठे जोडलाय ते बघा, मग वळसा घालून डावीकडे जा. दोन्हींत पाव फेऱ्याचा फरक दिसेल. एक बाजू टोकाला अडली तरी दुसरी ढकलते, म्हणून गाडी कुठूनही सुटते. पुढच्या सिलिंडरच्या, म्हणजे ज्यात वाफ शिरून दांडा ढकलते त्या नळकांड्याच्या, तळाशी छोट्या तोट्या आहेत. सुटताना त्या उघडून आत साचलेलं पाणी काढतात, कारण पाणी दाबलं जात नाही आणि सिलिंडरचं झाकणच फुटू शकतं. सुटणाऱ्या इंजिनाच्या पायाशी दोन्ही अंगांनी वाफेचे फवारे निघत, ते याचेच. दर फेऱ्याला चार वेळा वाफ धुराड्यातून बाहेर पडते, तो छुक-छुक आवाज. तीच वाफ जाताना भट्टीतली हवा ओढते, म्हणून जोर वाढला की जाळही आपोआप वाढतो.

बरोबर बॅटरी ठेवा. भट्टीचं दार उघडं असेल आणि तिथवर जाऊ देत असतील तर बाबा, पोरांना आत वर उजेड टाकायला सांगा. ते वितळणाऱ्या धातूचं बूच तिथेच, छतात दिसेल.

तुमची लेक

ता. क. आईच्या गुडघ्याचा पट्टा विसरू नका.