सीक्यू वर्ल्डवाइड एसएसबी कॉन्टेस्ट (हॅम रेडिओवर बोलून संपर्क करायची जागतिक स्पर्धा), सगळ्यांनी वाचा
मंडळी, ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण वीकेंड जवळ आलाय. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे 5:30 ला सुरू आणि सोमवारी पहाटे 5:29 ला बंद, पण लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदीत, वेळ यूटीसीच (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) टाकायची, कॉम्प्युटरचं घड्याळ आदल्या रात्रीच सेट करून ठेवा.

प्रत्येक संपर्कात द्यायचं ते रिपोर्ट 59 (सिग्नल स्पष्ट आणि जोरदार) आणि झोन (स्पर्धेतल्या जगाच्या विभागाचा नंबर), आपला झोन 22. भारतातल्या स्टेशनशी बोललात तर पॉइंट शून्य पण मल्टिप्लायर (एकूण पॉइंटना ज्याने गुणतात तो आकडा) मिळतो, आशियातला दुसरा देश 1 आणि बाहेरचा खंड 3, म्हणून संध्याकाळी युरोप उघडला, म्हणजे तिकडचे सिग्नल यायला लागले, की आपापसात गप्पा मारत बसू नका प्लीज. 12, 17 आणि 30 मीटरच्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर) कॉन्टेस्ट नसते. पॉवर आपापल्या लायसन्सप्रमाणेच.

परतीच्या पावसानंतर गच्चीवरचे कोअॅक्स (अँटेनाच्या केबलचे) कनेक्टर एकदा उघडून बघाच, पिन हिरवट दिसली तर पाणी शिरलंय, कनेक्टर बदला आणि वरून टेप नीट गुंडाळा, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) पुन्हा मोजा. दिवाळीच्या एलईडी माळांच्या अॅडॉप्टरने 40 मीटरवर फार नॉइज येतो, शेजाऱ्यांशी आत्ताच गोडीने बोलून ठेवा.

आणि कॉलसाइन (समोरच्या स्टेशनचा ओळख-कोड) अर्धवट ऐकू आला तर पुन्हा विचारा, अंदाजाने लिहू नका, चुकीच्या कॉलला पॉइंट तर जातातच वर दंड बसतो. संपल्यावर रेकॉर्डिंग ऐकून लॉग सुधारायचा नाही, ते नियमाबाहेर आहे. नवीन व्हीयू3 (व्हीयू3 ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनच्या) मंडळींनी दोन तास तरी बसाच, छोटा लॉगसुद्धा मोलाचा असतो. कॅब्रिलो फाइल (स्पर्धेला लागणाऱ्या ठरावीक फॉरमॅटमधला लॉग) 5 दिवसांच्या आत अपलोड करा, अडलं तर ग्रुपवर विचारा.