मराठवाड्याचा पडदाभर फोटो कुठं मिळेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचा अर्धं पान भरून फोटो आला होता. आमच्या क्लासच्या लेकरांना तो एवढा आवडला, की कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर हाच लावायचा म्हणून सगळी हटून बसली. आपल्या ई-पेपरवरून कात्रण सेव्ह केलं. निघालं ते एवढंसं, वर आडवं वर्तमानपत्राचं नाव. पडद्यावर ताणून बसवलं तर पाणी कुठलं अन् किल्ल्याची भिंत कुठली, ओळखू येईना. त्यावरूनच एक मागणी करायची आहे.

मी अंबाजोगाईत मोंढ्याजवळ कॉम्प्युटर क्लास चालवते. नवी बॅच आली की तिला सगळ्यात आधी काय करायचं असतं, तर मागचं चित्र बदलायचं. मी अडवत नाही. चित्र शोधायचं, सेव्ह करायचं, कुठल्या फोल्डरात गेलं ते लक्षात ठेवायचं, त्याला बरं नाव द्यायचं, यात निम्मा अभ्यासक्रम येऊन जातो. रजेचा अर्ज टाइप करायला दिला तर तेच लेकरू जांभया देतं.

गंमत पुढं होते. गुगलवर चित्रं शोधली की आधी दिसतात त्या नुसत्या चिमण्या प्रती. पोरं त्यावरच राइट क्लिक करून 'सेव्ह इमेज अॅज' म्हणतात. फाइलचं नाव येतं 'इमेजेस', नाहीतर 'इमेजेस' पुढं कंसात तीन, चार, पाच. असं नाव दिसलं की मी न उघडताच सांगते, हे चालायचं नाही. त्या प्रतीची मापं पुष्कळदा २७५ बाय १८३ पिक्सेल अशी काहीतरी असतात आणि आमच्या जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा. म्हणजे पडद्याला जेवढे ठिपके लागतात त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढेसुद्धा फाइलमध्ये नाहीत. बाकीचे मशीन आपल्या मनानं भरतं, म्हणून देवगिरीचा बुरूज फोडणीच्या धुरातून पाहिल्यासारखा दिसतो. चित्रावर क्लिक करून मूळ पानावर जायचं, तिथं ते मोठं उघडायचं आणि मग सेव्ह करायचं, एवढं केलं की निम्म्या तक्रारी मिटतात. 'टूल्स'मध्ये 'साइज'ला 'लार्ज' निवडलं तर बारीक प्रती मुळात समोरच येत नाहीत.

'फ्री वॉलपेपर' म्हणवणाऱ्या साइटांबद्दल काय बोलावं? पानावर चार ठिकाणी हिरवं 'डाउनलोड' बटण, त्यातलं खरं एखादंच. चित्र मागितलं अन् शेवटी 'ईएक्सई' असलेली, म्हणजे चित्र नव्हे तर प्रोग्रामची, फाइल उतरली तर ती उघडायचीच नाही, हे मी फळ्यावर लिहूनच ठेवलंय. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोचंही तेच दुखणं. पाठवतानाच तो बारीक होतो. मोबाइलमधला चांगला फोटो तसाच्या तसा हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं.

पण हे सगळं शिकूनसुद्धा हाती काय लागतं? शोधायच्या चौकटीत नुसतं 'मराठवाडा' लिहून बघा. नकाशे येतात. त्याखाली भेगाळलेली जमीन, टँकरभोवतीची गर्दी, हंड्यांची रांग, कोरड्या विहिरीत वाकून बघणारी बाई. ते खोटं नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते आम्ही विसरलो नाही, आणि तसे फोटो छापायलाच हवेत. पण रोज मशीन सुरू केल्यावर समोर तेच लावून कोण बसेल? मग लेकरं इंग्रजीत 'नेचर' लिहितात आणि कुठलं तरी बर्फाचं शिखर लावून मोकळी होतात.

विंडोज एक्स्पी वापरलेल्या प्रत्येकाला डेस्कटॉपवरची ती हिरवी टेकडी अन् निळं आभाळ आठवत असेल. आमच्याकडं कितीतरी जणांना ते मशीनवर काढलेलं चित्र वाटायचं. तो खरा फोटो आहे. चार्ल्स ओ'रिअर या फोटोग्राफरनं तो जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात, सोनोमा परगण्यातल्या रस्त्याच्या कडेला थांबून फिल्मवर टिपला. तो द्राक्षांचा मुलूख. किडीपायी तिथले वेल काढून टाकले होते म्हणून टेकडीवर नुसतं गवत होतं. पुढं तिथं पुन्हा द्राक्षं लागली. तिकडं पाऊस हिवाळ्यात पडतो म्हणून जानेवारीत एवढं हिरवं. २००१ साली एक्स्पी आलं आणि त्या साध्या टेकडीला जगभरानं पाहिलं.

आता सांगा, श्रावण-भाद्रपदात मांजरसुंब्याच्या घाटातून पाटोद्याकडं जाताना बालाघाटाचे डोंगर याहून कमी हिरवे असतात का? पाऊस बरा झाला असेल तर गाडी थांबवून बघावंसं वाटतं. जानेवारीत आपल्याकडं ती हिरवळ नसते, हे कबूल. पण तेव्हा शाळूची उभी रानं असतात, हुरड्याची कणसं असतात. आपल्या फोटोग्राफरांनी हे टिपलेलं आहे, मी आपल्याच अंकात पाहिलंय. ते कागदावर येतं आणि दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जातात. कॉम्प्युटरवर लावायला मात्र कुठंच मिळत नाही.

विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या साइटवर वेरूळचं कैलास लेणं, बीबी का मकबरा, देवगिरी यांचे मोठे फोटो आहेत, आणि बहुतेकांना छायाचित्रकाराचं नाव देऊन वापरायची मुभा आहे. फोटोखालची 'ओरिजिनल फाइल' उघडली की खांबावरची नक्षी मोजून घ्यावी. आमच्या क्लासमध्ये निम्म्या मशीनवर सध्या कैलास आहे तो तिथूनच आलेला. पण आमच्याच गावातला हत्तीखाना, दगडात कोरलेल्या हत्तींचं लेणं, त्याचा तसा चांगला, आडवा, पडदाभर फोटो शोधायला गेलं की हात रिकामे येतात.

म्हणून मागणी अशी, की रविवारच्या पुरवणीतला मराठवाड्याचा एक फोटो आपल्या वेबसाइटवर पूर्ण मापात ठेवावा. १९२० बाय १०८० पुरे. फोटो असे फुकट दिले तर फोटोग्राफरनं खायचं काय, हा प्रश्न रास्त आहे. गावातल्या एका स्टुडिओवाल्यानं मलाही तो विचारला होता. पण छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर या मापातून जेमतेम साडेसहा इंच रुंदीचा प्रिंट निघतो. त्याचं कॅलेंडर कोणी छापणार नाही. मूळ फाइल त्यांच्याकडंच राहू द्या, विकायची तर त्यांनीच विकावी. खाली कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव, गाव आणि महिना असावा. वर्तमानपत्राचं नावही तिथंच लहान अक्षरांत घाला, आमची हरकत नाही. फक्त मधोमध नको.

सुरुवात नर-मादी धबधब्यानं करावी, तो तयारच आहे. हिवाळ्यात जायकवाडीवर रोहित पक्षी उतरतात, नायगावच्या अभयारण्यात मोर आहेत, आणि हत्तीखान्याला कधी आपला फोटोग्राफर आला तर सकाळी लवकर पाठवा. विंडोजमध्ये आयकॉन डाव्या हाताला रांगेनं बसतात, त्यामुळं धबधबा, मोर, हत्ती जे काही असेल ते उजवीकडं असलेलाच फोटो निवडावा. नाहीतर मोराच्या तोंडावर रिसायकल बिन येतं.

आपली,
एक संगणक शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड