बाजारांची नावे नकोत, बंदचा वार सांगा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

सुट्टीचा हंगाम आला की पर्यटन पुरवण्यांत ‘अमुक शहरात काय घ्याल, कुठे घ्याल’ अशी चौकट हमखास येते. तीत बाजारांची नावे असतात, झगमगीत छायाचित्रे असतात. तो बाजार कोणत्या वारी बंद असतो, तिथे घासाघीस चालते का, कर परत मिळतो का आणि घेतलेली वस्तू देशाबाहेर नेऊ देतात का, याचा मात्र पत्ता नसतो. इस्तंबूलचा ग्रँड बझार दर रविवारी बंद असतो. चौकटीत तो एक शब्द असता, तर रविवारी त्याच्या बंद दारापुढे ताटकळणाऱ्यांची संख्या बरीच कमी झाली असती. म्हणून हे पत्र, नेहमीपेक्षा जरा लांब.

अनोळखी शहरात दुकान निवडताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: या दुकानाचे गिऱ्हाईक पुन्हा येणार आहे का? प्रसिद्ध वास्तूच्या दारातल्या दुकानदाराला ती आशा नसते. जागेचे भाडे जबर आणि समोरचा माणूस उद्या दुसऱ्या देशात. नाव राखून त्याला मिळणार काय? ज्या गल्लीत त्याच शहरातले लोक घरच्या लग्नाचा बस्ता बांधतात, तिथल्या दुकानदाराने वाईट माल दिला तर संध्याकाळी गिऱ्हाईक परत येऊन भांडते. आपल्यासारख्या पाहुण्याला त्या भांडणाचा आयता फायदा मिळतो.

इस्तंबूलचेच घ्या. ग्रँड बझार पंधराव्या शतकातला. एका छपराखाली साठाहून अधिक गल्ल्या. त्याला सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. सोने, गालिचे, जुनी चांदी पाहायची तर तिथेच जावे, तेही मधल्या जुन्या बंदिस्त भागात, बेदेस्तेनमध्ये. पण टॉवेल, चादरी, ओढण्या, मुलांचे कपडे यांसाठी महमुतपाशा दरवाजातून बाहेर पडून उताराला लागावे. एमिनोन्यूच्या बोटधक्क्याकडे उतरणारा हा रस्ता शहरातल्या लोकांच्या खरेदीचा. पाट्या तुर्कीत आणि धक्काबुक्की घरच्या माणसांची. खाली मसाल्यांचा बाजार लागतो, सतराव्या शतकातला. आतले रंगीत ढीग छायाचित्रासाठी उत्तम. सुका मेवा आणि कॉफी मात्र बाजाराच्या पश्चिमेच्या दाराबाहेर, हासिर्जिलार नावाच्या अरुंद गल्लीत पाहावी. केशर घेणार असाल तर दोन काड्या कोमट पाण्यात टाकून पाहा. खरे केशर सावकाश पिवळा रंग सोडते आणि काडी लालच राहते. पाणी क्षणात लालभडक झाले आणि काडी पांढरी पडली, तर तो नुसता रंग.

दोन गल्ल्या मागे सरकण्याचा हा नियम दुसरीकडेही लागू पडतो. टोकियोत आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरासमोर नाकामिसे ही भेटवस्तूंची रांग आहे. तिथून पश्चिमेला चालत दहा-पंधरा मिनिटांवर काप्पाबाशी हा रस्ता लागतो. तिथे खानावळवाले भांडी, वाडगे आणि सुऱ्या घेतात. बरीच दुकाने रविवारी बंद. सुरी घेताना पोलाद कोणते ते विचारावे. कार्बन पोलादाला धार उत्तम येते, पण ओली राहिली की गंजते. वापरून लगेच पुसण्याची सवय नसेल तर स्टेनलेसच घ्यावी. आणि सुरी चेक-इनच्या सामानातच ठेवावी. हातातल्या पिशवीत निघाली तर विमानतळावर ती तिथेच राहते.

घासाघिशीच्या बाजारात शिरण्यापूर्वी त्याच शहरातले ठरीव भावाचे दुकान गाठावे. मोरोक्कोत मराकेशला ‘आँसांब्ल आर्टिझानाल’ हे सरकारी हस्तकला केंद्र आहे, महंमद पाचवा मार्गावर. तिथे किमती लिहिलेल्या असतात, कारागीर काम करताना दिसतात आणि कोणी मागे लागत नाही. तासभर फिरून चामड्याची चप्पल, पितळी दिवा, लोकरी चादर यांचे भाव वहीत उतरवून घ्यावेत आणि मगच जुन्या बाजारात जावे. ही वही हातात नसेल तर ‘पहिल्या भावाच्या निम्मे मागा’ हा सल्ला फुकट आहे. पहिला भाव चौपट असेल तर निम्म्यातही दुप्पटच पैसे जातात. घ्यायचे नसेल तर आपणहून आकडा सांगू नये. दुकानदाराने ‘बरं, घ्या’ म्हटल्यावर मागे फिरणे तिथे अपमानाचे मानतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

आता ‘शॉपिंग स्टॉप’विषयी. सहलीची बस ‘कारखाना पाहायला’ म्हणून थांबते आणि चहा देऊन गालिचे उलगडले जातात. अशा ठिकाणी आणणाऱ्याची दलाली बहुधा किमतीतच धरलेली असते. पाहायला हरकत नाही, विणकाम खरोखर शिकण्यासारखे असते. पाकीट मात्र आतच ठेवावे. बँकॉकची तऱ्हा आणखी निराळी. रस्त्यात भेटलेला सुटाबुटातला गृहस्थ सांगतो, ‘राजवाडा आज बंद आहे.’ मग अगदी थोड्या पैशांत शहर दाखवणारी टुकटुक हजर होते आणि ती रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबते. राजवाडा उघडा आहे की नाही, हे राजवाड्याच्या फाटकावरच विचारावे. ‘हे नीलम तुमच्या देशात दुप्पट भावाने विकले जातील,’ असे म्हणणारा व्यापारी ते स्वतः तिथे नेऊन का विकत नाही, याचा विचार केला तरी पुरे.

वस्तूची पारख थोडीफार शिकून जावी. अंगठीतून शाल आरपार गेली की अस्सल पश्मिना, ही समजूत चुकीची. पातळ व्हिस्कोजही (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) जाते. दुकानदाराच्या परवानगीने झालरीचा एक धागा जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटांत चुरते. व्हिस्कोजला कागद जळल्याचा वास येतो आणि कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. पण पश्मिना आणि साधी मऊ लोकर यांतला फरक जाळून कळत नाही, कारण दोन्ही प्राण्यांचेच केस. तिथे पावतीवर धाग्याचे नाव आणि टक्केवारी लिहून घेणे एवढेच आपल्या हातात. गालिचा उलटा करून पाहावा. हातगाठीच्या गालिच्यात मागे नक्षी जवळजवळ पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते आणि झालर म्हणजे ताण्याचेच सुटे धागे असतात. झालर शिवून लावलेली दिसली तर बहुधा यंत्रावरचा माल. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का तेही बघावे. कैरोत पपायरस म्हणून केळीच्या पानावरची चित्रे गळ्यात मारतात. खऱ्या पपायरसमध्ये उजेडाला धरल्यावर आडव्याउभ्या पट्ट्यांची जाळी दिसते आणि वाकवल्यावर ते लवते. केळीचे पान तडकते. दागिन्यावरचे आकडे पाठ असावेत: चांदीला ९२५, सोन्यात १४ कॅरेटला ५८५, १८ला ७५० आणि २२ला ९१६. व्हेनिसमध्ये मुरानो बेटाची काच घ्यायची तर ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ ही खूण शोधावी, कारण बेटावरच्या प्रत्येक दुकानातली काच बेटावरच फुंकलेली असते असे नाही.

पर्यटकाने देशाबाहेर नेलेल्या वस्तूवरचा कर परत मिळण्याचा विषय चौकटींत एका ओळीत उरकतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. फ्रान्समध्ये व्हॅट २० टक्के आहे म्हणून २० टक्के परत मिळतील, हा हिशेबच चुकीचा. १०० युरोच्या वस्तूवर २० युरो चढून छापील किंमत १२० होते. म्हणजे दिलेल्या पैशांत कराचा वाटा एक-षष्ठांश, साधारण पावणेसतरा टक्के. त्यातून परतावा देणारी कंपनी आपले शुल्क कापते आणि हातात बाराच्या आसपास टक्के पडतात. त्यासाठी एका दुकानात तीन दिवसांच्या आत १०० युरोंहून अधिक खरेदी हवी. पाच दुकानांत तीस-तीस युरो खर्चून काही मिळत नाही. अर्ज पैसे देतानाच मागावा, पासपोर्ट जवळ ठेवावा. परतताना विमानतळावर सामान देण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याच्या ‘पाब्लो’ यंत्रावर अर्जावरचा बारकोड दाखवून मंजुरी घ्यावी. बॅग आधीच पट्ट्यावर गेली आणि अधिकाऱ्याने वस्तू दाखवा म्हटले, तर दाखवणार काय? मंजुरी युरोपीय संघातून अखेरचे बाहेर पडतानाच घ्यायची असते. पॅरिसला पर्स घेऊन रोमहून परतणाऱ्याने ती रोमला घ्यावी. खरेदीच्या महिन्यानंतरचा तिसरा महिना संपण्याआधी वस्तू बाहेर पडली पाहिजे.

देशागणिक नियम वेगळे आणि बदलते. लंडनमधून वस्तू सोबत नेणाऱ्या पर्यटकांचा व्हॅट परतावा १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला. जुनी पुस्तके आणि जुने लेख अजून तो मिळतो म्हणून सांगतात. सिंगापूरला किमान खरेदी १०० सिंगापुरी डॉलर आणि जीएसटी ९ टक्के. जपानमध्ये ५,००० येनपासून दुकानातच कर वजा होत असे. १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरून निघताना परत घेण्याची पद्धत ठरली आहे. न्यूयॉर्कला असा परतावाच नाही, शिवाय लेबलवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. गल्ल्यावर ८.८७५ टक्के वाढतात. मात्र ११० डॉलरच्या आतल्या कपड्याला किंवा बुटांना तिथे विक्रीकर लागत नाही. ९५ डॉलरचे दोन सदरे घेतले तरी मर्यादा प्रत्येक नगाची असल्याने दोन्ही करमुक्तच.

कार्डाच्या यंत्राने ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असे विचारले तर नेहमी इथल्या. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि त्यात वरकमाई मिसळलेली असते. काही ठिकाणी दुकानदार न विचारताच ते बटण दाबतो. पावतीवर दोन चलने दिसली की व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. ‘कमिशन नाही’ अशी पाटी लावणारा पैसे-बदलीवालाही धर्मादाय काम करत नसतो. त्याच्या खरेदी आणि विक्रीच्या दरांतले अंतर पाहावे.

काही वस्तू कितीही आवडल्या तरी दुकानातच राहू द्याव्यात. हस्तिदंत, कासवाच्या पाठीचे कंगवे, शाहतूशच्या (तिबेटी हरणाच्या लोकरीच्या) शाली यांना लुप्तप्राय जीवांच्या १९७३च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे सीमेवर अडवतात. प्रवाळाच्या बऱ्याच जातीही त्याच यादीत आहेत. दुकानात उघड विकायला ठेवले म्हणजे बाहेर नेण्याची मुभा आहे, असे नव्हे. तुर्कस्तान आणि इजिप्तमधून पुराणवस्तू नेणे गुन्हा आहे. तुर्कस्तानात जुना दिसणारा गालिचा घेतलाच तर तो पुराणवस्तू नसल्याचे संग्रहालयाचे प्रमाणपत्र दुकानदाराकडूनच मागावे. थायलंडमधून बुद्धमूर्ती नेण्यास तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. इटलीत पुलावर चादर अंथरून विकलेली नकली पर्स घेतली, तर ३०० ते ७,००० युरोंपर्यंतचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. विकणारा तोवर चादर गुंडाळून पसार झालेला असतो.

उरला वजनाचा प्रश्न. बहुतेक लांबच्या विमानांत एका बॅगेला २३ किलो चालतात आणि ३२ किलोंपेक्षा जड एकच बॅग सहसा घेतच नाहीत, जादा पैसे मोजले तरी. दुकानदार म्हणतो, ‘घरपोच पाठवतो.’ तेव्हा खोक्याची मापे विचारावीत. कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि खरे वजन व हा आकडा यांतला जो मोठा असेल त्याचे पैसे लावतात. ६० बाय ४० बाय ४० च्या खोक्यातला आठ किलोंचा दिवा अशा हिशेबाने १९.२ किलोंचा होतो. उतरल्यावर लागणारे सीमाशुल्क कोण भरणार, तेही पावतीवर लिहून घ्यावे. अत्तर, तेल असे द्रव १०० मिलीहून मोठ्या बाटलीत असतील तर चेक-इनमध्ये. ड्युटी फ्रीमधली बाटली मोहोरबंद पिशवीतच ठेवावी; वाटेत विमान बदलायचे असेल तर दुसऱ्या तपासणीत फोडलेली पिशवी चालत नाही. नातलगांसाठी चॉकलेट, साबण, कॉफी असे पंधरा-वीस नग घ्यायचे असतील, तर मुक्कामाजवळचे सुपरमार्केट विमानतळापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते.

यातले सगळे पुरवणीत मावणार नाही, याची कल्पना आहे. निदान प्रत्येक बाजाराच्या नावापुढे बंदचा वार, जवळचे मेट्रो किंवा ट्रामचे स्थानक, घासाघीस चालते की ठरीव भाव, आणि कर परताव्यासाठी किमान खरेदी किती व ही माहिती कोणत्या महिन्यात तपासली, एवढे छापावे. जागा कमी पडली तर दोन छायाचित्रे गाळावीत.

आपला,
एक नियमित वाचक