केरेतारोच्या काकूंना

प्रिय काकू,

काकांची बदली झाली आणि तुम्ही मेक्सिकोतलं हे केरेतारो शहर सोडून पुण्याला परतलात. सामानाच्या धांदलीत नीट बोलणंच झालं नाही. शिवाय तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "पुरे गं आता" म्हणून उडवून लावलं असतंत. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इंग्रजी शिकवायला मेक्सिकोत येऊ पाहणाऱ्या एखाद्या पोरीच्याही उपयोगी पडेल.

ऑनलाइन मुलाखतीत एका संस्थेने "नेटिव्ह स्पीकर हवा" म्हणून मला वाटेला लावलं, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. तुम्ही म्हणालात, "इथल्या कारखान्यातल्या पोरांना रोज फोनवर बोलायचं असतं ते जर्मन, कॅनेडियन आणि आपल्याच इंजिनियरांशी. त्यांना तुझे उच्चार चालतील की!" आणि शेजारणीकडून दुसऱ्या संस्थेचा पत्ता मिळवून दिलात. केरेतारोत विमानांचे सुटे भाग बनतात, आज माझे निम्मे विद्यार्थी त्याच कामातले आहेत.

मग कागदपत्रं. डिग्रीची आधी राज्य सरकारकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का), मग मेक्सिकोतल्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून स्पॅनिश तर्जुमा, हा क्रम तुम्ही वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवलात. नोकरी देणाऱ्या संस्थेने तिथल्या इमिग्रेशनकडून परवानगी काढायची, तिचा नंबर हातात आला की मगच वकिलातीत जायचं आणि उतरल्यावर ३० दिवसांच्या आत रेसिडेंट कार्डाच्या मागे लागायचं, हेही त्यातच. "टुरिस्ट म्हणून ये, पुढचं पुढे बघू" असं सांगणारे कमी नव्हते. तुम्ही मला त्यांच्या नादी लागू दिलं नाहीत.

पण खरे आभार स्पॅनिशचे. इंग्रजी शिकवणाऱ्याची इथे गंमतच होते. सकाळी सातचा कारखान्यातला वर्ग इंग्रजीत, संध्याकाळचे वर्ग इंग्रजीत, वर्गात स्पॅनिश बोलायला मनाई. बाहेर भेटेल तोही आपलं इंग्रजी माझ्यावर घासून घेणार. स्पॅनिश शिकायला म्हणून आलेली मी, स्पॅनिशपासून लांबच.

मग तुम्ही मला मेर्कादो दे ला क्रूस या इथल्या मंडईत नेऊ लागलात. भाजीवाली भरभर काहीतरी विचारायची, मी तुमच्याकडे बघायची आणि तुम्ही पाठ फिरवून कोथिंबिरीची जुडी हुंगत बसायच्या! मदत म्हणून एक शब्द नाही. मिरच्या घ्यायच्या तर सेर्रानो की हालापेन्यो, किती, आणि इथे भाजीला वापरतात त्या निवडुंगाच्या पानांचे काटे काढून देणार का, सगळं माझं मलाच विचारायला लागायचं. तेव्हा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

आणि घरी आल्यावर व्याकरण मराठीतून. माझं इंग्रजी पुस्तक 'गुस्तार', म्हणजे 'आवडणे', या क्रियापदावर दोन पानं खर्ची घालत होतं. तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "अगं, मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. आंब्याप्रमाणे क्रियापद बदलतंय ना? झालं तर मग." स्पॅनिशमधले त, द तर आपलेच, जीभ दाताला टेकवली की काम झालं. वस्तूंना लिंग असतं हेही आपल्याला कुणी समजावावं लागत नाही. इतकी वर्षं इंग्रजीच्या खिडकीतून स्पॅनिशकडे बघत होते, ते तुम्ही बंद केलंत. माझ्या विद्यार्थ्यांनाही आता मी इंग्रजी त्यांच्या भाषेच्या अंगाने समजावते, सुपरवायझर नसताना.

'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेचा, बी-वन म्हणजे मधल्या पातळीचा, फॉर्म भरलाय. तोंडी परीक्षेची धास्ती आहे, पण भाजीवालीपुढे परीक्षक काय चीज!

बाकी, तुम्ही ठेवून गेलात त्या कुकरची रिंग गेलीय. इथल्या दुकानांत त्या मापाची मिळत नाही. कुणी इकडे येणार असेल तर दोन पाठवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची